दान घेणाऱ्याच्या सोयीने

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आगमनकाळात भरलेल्या सभासद-कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या धर्मादाय मंडळाचा सुवर्णमहोत्सव ऐन आगमनकाळात यावा, हा चांगला योग आहे. शेतातली खरिपाची सुगी घरात आली आहे आणि प्रभूच्या जन्मोत्सवाची वाट पाहणे सुरू झाले आहे. अशा वेळी 'नाताळ व दानधर्म' या विषयावर बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली. विषय आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यामुळे उपदेश करण्याचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु सुवर्णमहोत्सवी निधीचा विनियोग कसा करावा, हा प्रश्न येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे आणि आजच्या विषयाशी त्याचा निकट संबंध आहे. म्हणून त्या निर्णयाला उपयोगी पडेल तेवढेच सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम 'ज्युबिली' या शब्दाकडे पाहू. आपण आज बँड लावला, कमान उभारली, स्मरणिका काढली. हे सर्व उचितच आहे. पण शब्दाचे मूळ हिब्रू 'योबेल' म्हणजे मेंढ्याचे शिंग, असे जाणकार सांगतात. जुन्या करारातील लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात या वर्षाची व्यवस्था लावून दिली आहे. पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकावयाचे, अडचणीपायी विकली गेलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावयाची आणि गरिबीमुळे दुसऱ्याच्या चाकरीत अडकलेला माणूस मोकळा होऊन आपल्या घरी परतावयाचा. म्हणजे शिंग फुंकले गेले ते ज्याचे कोठार भरलेले त्याच्यासाठी नव्हे, तर ज्याचे शेत गेले त्याच्यासाठी. २४ डिसेंबर २०२४ रोजी, नाताळच्या आदल्या रात्री, पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये पवित्र द्वार उघडून ज्युबिली वर्षाचा आरंभ केला, त्यामागेही हाच जुना अर्थ आहे. तेव्हा आपल्या सुवर्णमहोत्सवाचा विचार करतानाही हा उत्सव देणाऱ्यांचा की घेणाऱ्यांचा, असा प्रश्न आपण स्वतःस विचारला पाहिजे.

आपल्या या सीमाभागातील ख्रिस्ती वस्ती पुष्कळ जुनी आहे. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज घाट चढून गोव्याकडून वर आले. घरात कोकणी, बाजारात मराठी आणि कचेरीत कन्नड अशी आपली तऱ्हा आहे. खानापूर, नंदगड, संतिबस्तवाड अशा गावांतून चर्चच्या घंटेबरोबर शेतीची कामेही चालत आली. बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला. गोव्याच्या महाधर्मप्रांताचा व पुणे धर्मप्रांताचा काही प्रदेश मिळून तो झाला आणि मायकल रॉड्रिग्स हे त्याचे पहिले बिशप होते. पुढे तीनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव व निपाणीचा हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. त्या सीमेच्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. एवढेच लक्षात ठेवू, की आपल्या चर्चच्या बाकावर तीन भाषा शेजारी शेजारी बसतात. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेसंबंधीची घटना जाहीर केली, त्यानंतर लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सा होऊ लागली. तेव्हापासून कोणत्या भाषेत कोणती मिस्सा, हा प्रश्न आपल्यासारख्या गावांत वडीलधाऱ्यांना सोडवावा लागत आला आहे.

आता नाताळकडे वळू. डिसेंबर उजाडला की तरुण मंडळी बांबूच्या कामट्या आणून तारा बांधावयास बसतात. मुले गोठ्यासाठी गवत, माती, शेवाळ गोळा करतात. घरोघरी करंज्या, कलकल, डोदोल, केक यांची तयारी सुरू होते. संध्याकाळी ढोलकी, पेटी, गिटार घेऊन गाणारी मंडळी घरोघर जातात व पुढे धरलेल्या डब्यात जे पडेल ते गरिबांच्या निधीत जाते. बेळगावच्या कॅम्पात वर्षाखेरीस 'ओल्ड मॅन'चे मोठमोठे पुतळे उभे राहतात व ३१ डिसेंबरच्या रात्री ते जाळून सरत्या वर्षाला निरोप देतात. तो पाहावयास सर्व जातिधर्मांचे लोक जातात. या सर्व धामधुमीत आनंद आहे आणि तो असावा. गोठा मांडण्याची प्रथा लोकप्रिय केली ती असिसीच्या संत फ्रान्सिसने. १२२३ साली इटलीतील ग्रेचिओ नावाच्या लहानशा गावी त्याने खरे गवत, खरा बैल व खरे गाढव आणून प्रभुजन्माचा देखावा उभा केला. त्या संताला दारिद्र्याचा परिचय पुस्तकातून झालेला नव्हता. गोठा मांडून त्याला लोकांना हेच दाखवावयाचे होते, की देवाचा पुत्र जेथे जन्मला तेथे थंडी होती आणि जागा मागूनही मिळालेली नव्हती.

या हंगामात आपले मंडळ व चर्च मिळून जे दान करते, त्याचे तीन प्रश्न आम्हांस महत्त्वाचे वाटतात. दान कोणाला द्यावे, कसे द्यावे आणि केव्हा द्यावे? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर देणाऱ्याच्या सोयीने न ठरता घेणाऱ्याच्या सोयीने ठरावे, हेच आजच्या भाषणाचे सार आहे.

पहिला प्रश्न, कोणाला?

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, संत स्तेफनाचा सण येतो. आदल्या रात्रीच्या जागरणाने आपण थकलेले असतो, पाहुणे परतत असतात, आणि हा सण दुर्लक्षिला जातो. परंतु धर्मादाय मंडळाने खरे पाहता या दिवशी मोठी मिस्सा सांगितली पाहिजे, इतका या संताचा आपल्या कामाशी संबंध आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ती हकीकत आहे. यरुशलेमातील पहिल्या ख्रिस्ती मंडळीत गरीब विधवांना रोज अन्न वाटले जात असे. त्या मंडळीत दोन भाषांचे लोक होते. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार अशी होती, की वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील मदतवाटपाचा हा पहिला तंटा, आणि त्यात दोन बाजू पडल्या त्या भाषेवरून! सीमाभागात राहणाऱ्या आपणांस हे वाचून नवल वाटू नये.

प्रेषितांनी तेव्हा काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी तक्रार करणाऱ्यांना दटावले नाही. 'आपण सारे एकच, भाषा कशाला काढता' असे सांगून प्रश्न मिटवलाही नाही. त्यांनी सर्वांना एकत्र बोलावून सात चांगली माणसे निवडावयास सांगितले आणि वाटपाचे काम त्यांच्या हाती दिले. त्या सातांत स्तेफन पहिला. आणि सातांचीही नावे ग्रीक आहेत! ज्या बाजूची तक्रार होती, त्या बाजूच्या माणसांवरच सर्वांच्या वाटपाचा विश्वास टाकला गेला, असे त्यावरून दिसते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ती पहिली धर्मादाय समितीच होय.

आपल्या मंडळाच्या यादीकडे या दृष्टीने पाहावे, अशी आमची विनंती आहे. यादी जुन्या घरांवरून तयार झालेली असते. पन्नास वर्षांत गावात नवी घरे आली. कामधंद्यासाठी कन्नड बोलणारी कुटुंबे येऊन राहिली, त्यांपैकी काही आपल्याच चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतात. त्यांची अडचण यादी करणाऱ्याच्या कानावर येतच नाही, कारण अडचण सांगावयाची भाषा त्यांची वेगळी असते. तेव्हा यादी करणाऱ्या समितीत प्रत्येक भाषेचा माणूस आणि निदान दोन स्त्रिया असाव्यात, अशी आमची पहिली सूचना आहे. विधवेची अडचण विधवा जितकी लवकर ओळखते, तितकी खजिनदाराला वहीतून दिसत नाही.

यादीला चर्चच्या कुंपणाची मर्यादाही असू नये. नाताळ येतो तो ऊसतोडीच्या भर हंगामात. निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात. बीड, अहिल्यानगरकडून तशीच विजयपूरकडून तोडणी कामगारांची बिऱ्हाडे आलेली असतात. नवराबायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' असेच म्हणतात. माणसाचे नाव जाऊन हत्याराचे नाव उरते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पहाटेच्या थंडीत ही माणसे फडात उतरतात आणि त्यांची लहान मुले पाचटाच्या कोपीत, नाही तर फडाच्या बांधावर, राहतात. बेथलेहेमच्या गोठ्याचा देखावा आपण चर्चमध्ये उभारतो. परगावी आलेली आई, उघड्यावरचे बाळ आणि जागेचा अभाव, हे तिन्ही चर्चपासून हाकेच्या अंतरावर प्रत्यक्ष असते.

गेल्या काही वर्षांत आपली गाणारी मंडळी त्या तळावरही जाऊ लागली आहेत. तेथे घडलेली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मंडळींनी बरोबर फराळ व काही घोंगड्या नेल्या होत्या. विजयपूरकडील एका बाईने फराळ मुलांना दिला आणि घोंगडी मात्र हात जोडून परत केली. आपल्या एका मुलीला कन्नड उत्तम येते. तिने विचारले, 'अक्का, मग काय हवे?' ती बाई म्हणाली, की घोंगडी आहे. पण धाकट्याला घेऊन मिरजेला दवाखान्यात जावयाचे आहे, तेथे मराठीत काय विचारतात ते कळत नाही, कोणी बरोबर याल का? दोन दिवसांनी आपली दोन माणसे तिच्याबरोबर गेली, डॉक्टरांचे बोलणे तिला समजावून सांगितले, औषधाच्या वेळा चित्रे काढून लिहून दिल्या. मुलाचा ताप उतरला. त्या मदतीला बसभाड्यापलीकडे खर्च झाला नाही.

मिरजेचे नाव निघाले म्हणून सांगतो. तेथील मिशन रुग्णालय डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली उघडले आणि या सीमाभागातून किती पिढ्या तेथे उपचारासाठी गेल्या, हे आपल्यातील वृद्धांस ठाऊक आहे. परदेशातून आलेल्या त्या डॉक्टरांना येथील माणसांची सेवा करण्याआधी येथील भाषा शिकावी लागली. आपणांस तर तीन भाषा जन्मतःच मिळाल्या आहेत. आपण स्वतःला गरीब चर्चचे गरीब मंडळ समजतो, पण ही संपत्ती आपल्याजवळ आहे आणि ती कोणत्याही वहीत जमा दाखवलेली नाही. सरकारी कागद कन्नडमध्ये येतात; रेशनचे अर्ज, संध्या सुरक्षा योजनेचे वृद्धांचे निवृत्तिवेतन, विधवांचे वेतन, यांचे कागद मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेल्या म्हातारीला वाचता येत नाहीत. आपली नातवंडे कन्नड शिकून कॉलेजात जातात. आठवड्यातून एक संध्याकाळ चर्चच्या पडवीत बसून त्यांनी हे अर्ज भरून दिले, तर एका घोंगडीच्या किमतीपेक्षा मोठे दान दर महिन्याला त्या म्हातारीच्या खात्यात जमा होईल. मदत घेणाऱ्याला त्याचा धर्म विचारू नये आणि मदत केली म्हणून तो आपल्या चर्चमध्ये यावा अशी अपेक्षाही मनात धरू नये. तशी अपेक्षा धरली की दान संपते आणि व्यवहार सुरू होतो.

दुसरा प्रश्न, कसे द्यावे?

ज्या सांताक्लॉजचे लाल कपडे घालून आपली मुले नाचतात, त्याच्यामागे एक खरा बिशप आहे. चौथ्या शतकात, आज तुर्कस्तानात असलेल्या मायरा नगरीत संत निकोलस होऊन गेला. त्याचा सण ६ डिसेंबरला येतो. त्याच्याविषयीची परंपरागत कथा अशी, की एका गृहस्थाचे दिवस फिरले व तीन मुलींची लग्ने हुंड्यावाचून अडली. निकोलस रात्रीच्या अंधारात गेला आणि खिडकीतून मोहरांची थैली आत टाकून आला. असे तीनदा झाले. तिसऱ्या खेपेस त्या बापाने जागे राहून त्याला गाठले, तेव्हा निकोलसने त्याला एकच अट घातली: ही गोष्ट कोणाला सांगू नकोस.

या कथेत थैलीइतकीच रात्र महत्त्वाची आहे. तो गृहस्थ कालपर्यंत चारचौघांत मानाने वावरलेला होता. दिवसाउजेडी दारात जाऊन थैली दिली असती, तर मुलींची लग्ने झाली असती, पण बापाची मान कायमची खाली गेली असती. आता ठिकठिकाणी नाताळच्या सुमारास काय पाहावयास मिळते? मांडव घालतात, पाहुणे बोलावतात, ध्वनिक्षेपकावरून एकेक नाव पुकारतात, बाई उठून येते, साडीचे एक टोक पाहुण्याच्या हातात व दुसरे तिच्या हातात धरून छायाचित्र काढतात आणि दुसऱ्या दिवशी ते सर्वांच्या मोबाइलवर फिरते. तिची मुलगी शाळेत जाते. तिच्या वर्गातल्या मुलांच्या घरीही मोबाइल आहेतच.

कोणी असे म्हणेल, की जाहीर वाटप केले नाही तर लोकांना विश्वास कसा वाटावा? ही शंका रास्त आहे. पैसा लोकांचा आहे, आणि तो कोठे गेला हे विचारण्याचा लोकांस अधिकार आहे. परंतु हिशेब उघडा असणे आणि माणूस उघडा पाडणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. हा भाग मुंबई राज्यात असताना १९५० साली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा कायदा झाला आणि संस्थांना नीट हिशेब ठेवण्याची व तो तपासून घेण्याची शिस्त लागली. ती शिस्त आपण आणखी कडक करू. किती कुटुंबांना धान्य दिले, किती मुलांची फी भरली, किती जणांना औषध मिळाले, हे आकडे पै न पै चर्चच्या फलकावर लावू. पावत्या तपासनिसापुढे ठेवू. फक्त घेणाऱ्यांची नावे समितीच्या वहीत राहतील आणि ती वही फादरांच्या कपाटात कुलपात राहील. या स्मरणिकेत देणगीदारांची नावे छापली आहेत ती त्यांच्या संमतीने. घेणाऱ्यांचे एकही नाव वा छायाचित्र या पानांत येऊ नये, असे संपादक मंडळास आम्ही कळवले होते व त्यांनी ते मान्य केले, याबद्दल त्यांचे आभार.

याला आदर्शही आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मूठभर मित्रांसह संत व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीची सुरुवात केली. १८६३ साली मुंबईत तिची भारतातील पहिली शाखा निघाली आणि पुढे देशभर अनेक चर्चमध्ये तिचे काम पसरले. तिच्या सभासदांनी गरिबाला आपल्या दारी बोलवावयाचे नाही, आपण त्याच्या घरी जावयाचे. एकट्याने न जाता दोघांनी जावयाचे. आणि सभेच्या शेवटी एक पिशवी फिरवावयाची, तीत कोणी किती टाकले हे शेजाऱ्यालाही कळू द्यावयाचे नाही. घेणाऱ्याचा मान आणि देणाऱ्याचा विनय, दोहोंची सोय त्या साध्या रीतीत आहे. ज्याच्या खिशात काही नाही तोही त्या पिशवीत हात घालून काढतो, आणि कोणाला काही कळत नाही.

याच संदर्भात आपल्या नाताळच्या ताटाचे उदाहरण घ्यावे. आपण शेजारी ताट पाठवतो. ते ताट शेजारीण रिकामे परत करीत नाही. दिवाळीचे काही शिल्लक नसले तर चिमूटभर साखर तरी घालून देते. त्यामुळे ताट घेताना तिला ओशाळे वाटत नाही. गरिबालाही असे काही घालून परत देण्याची जागा आपल्या दानात असली पाहिजे. ज्या बाईला आपण धान्य देतो ती उत्तम वाकळ शिवते. तिच्याकडून चर्चसाठी रास्त दाम देऊन वाकळा शिवून घ्याव्यात. ज्या म्हाताऱ्याची फी आपण दवाखान्यात भरतो तो जुना मृदंगवादक आहे. त्याला मुलांना शिकवावयास बसवावे. मंदिरात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची प्रभूने वाखाणणी केली, ती ध्यानात घेण्यासारखी आहे. तिला प्रभूने दान देणाऱ्यांत गणले; घेणाऱ्यांच्या यादीत घातले नाही.

तिसरा प्रश्न, केव्हा द्यावे?

आपल्याकडे देण्याची ऊर्मी डिसेंबरात येते. परंतु शेतकऱ्याच्या व मजुराच्या घरात डिसेंबर हा टंचाईचा महिना नसतो. खानापूरकडे भात घरात आलेले असते; निपाणीकडे भुईमूग, सोयाबीन निघालेले असते; शेतात मजुरी मिळत असते. खरी ओढाताण आषाढात. कणगी तळाला गेलेली, बीबियाणे व खतासाठी हातउसने घेतलेले, शाळा नुकत्याच सुरू होऊन फी व वह्यापुस्तके अंगावर आलेली, पाऊस कोसळत असल्याने मजुरी बंद आणि घरात तापाचा माणूस. त्या वेळी चर्चमध्ये ना तारा असतो ना गाणी, आणि आपला गरिबांचा निधी तर नाताळातच वाटून झालेला असतो.

म्हणून गोळा करावे नाताळात व वाटावे आषाढात, असे आम्हांस वाटते. योसेफाने मिसर देशात सुबत्तेच्या सात वर्षांत धान्य साठवून दुष्काळाच्या सात वर्षांत ते पुरवले, ही गोष्ट आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली आहे. आपल्या मातीतलेही उदाहरण आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म आपल्यापासून दूर नसलेल्या कुंभोजचा. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि बहुजनांच्या मुलांची वसतिगृहे चालवली ती मुष्टिफंडाच्या बळावर. घरच्या बाईने दळताना वा रांधताना एक मूठ धान्य बाजूला काढावयाचे आणि ठरल्या दिवशी ते वसतिगृहाला द्यावयाचे. तिकडे दूर मिझोराममध्येही ख्रिस्ती स्त्रियांनी १९१० सालापासून स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला ठेवण्याचा नेम धरला आणि त्या मुठींवर तेथील चर्चची कितीतरी कामे उभी राहिली. मूठ काढणारी बाई श्रीमंत असावी लागत नाही. जिला आषाढात धान्य लागेल तीही नाताळात मूठ घालू शकते. मग आषाढात ती जे नेईल त्यात तिचेही काही असेल.

आता सुवर्णमहोत्सवी निधीसंबंधी आमच्या सूचना थोडक्यात मांडतो. एक मत असे आहे, की या निधीतून चर्चपुढे पक्की कमान व कायमची रोषणाई करावी. दुसरे मत असे, की या नाताळात मोठा समारंभ करून एकदम वाटप करावे. दोन्ही मते गावाच्या प्रेमातूनच निघाली आहेत, याविषयी आमच्या मनात शंका नाही. तथापि आमची विनंती अशी, की निधीची मुद्दल बँकेत सुरक्षित ठेवावी आणि व्याजातून तीन कामे चालावीत. पहिले, चर्चच्या आवारातील जुन्या खोलीत उंदीर व ओल लागणार नाही अशी धान्यकोठी करावी. घरोघरच्या मुठी व नाताळच्या मिस्सेतील धान्याचे अर्पण तीत जमा व्हावे आणि आषाढ-श्रावणात ते दोघा-दोघांनी घरी नेऊन पोहोचवावे. दुसरे, दर आठवड्याला अर्ज भरून देण्याची व दवाखान्यात सोबत जाण्याची सोय व्हावी. त्याचा प्रवासखर्च मंडळाने द्यावा. तिसरे, दर वर्षी २६ डिसेंबरला, संत स्तेफनाच्या दिवशी, समितीने बसून यादी नव्याने तपासावी, जुनी नावे चालू ठेवण्याआधी गावात व तळावर फिरून यावे, आणि त्या समितीत सर्व भाषांची माणसे असावीत.

पुणे-मुंबईस व परदेशी असलेल्या आपल्या मुलाबाळांना येथून आमची एक सूचना आहे. आपण नाताळात गावी येता, मोठी देणगी देता, त्याबद्दल गाव आपला ऋणी आहे. परंतु तीच रक्कम बारा भागांत महिन्याच्या महिन्याला पाठवलीत, तर कोठीला अधिक उपयोग होईल. आजारपण नाताळची वाट पाहत थांबत नाही.

रोषणाईविषयी बोललो म्हणून कोणी मन खट्टू करून घेऊ नये. कामट्यांचा तारा मुलांनी बांधावाच, गोठा मांडावाच, गाणी तिन्ही भाषांत मोकळ्या गळ्याने म्हणावीतच. फराळाचे ताट शेजारी जावेच. आमचे म्हणणे एवढेच, की आनंद आपल्या सोयीने करावा आणि दान घेणाऱ्याच्या सोयीने करावे.

गेल्या पन्नास वर्षांत ज्यांनी हे मंडळ चालवले, त्यांतील कित्येक आज चर्चमागच्या दफनभूमीत विसावले आहेत. त्यांनी सायकलवरून फिरून वर्गणी गोळा केली, पावती फाडली, आणि कोणाला काय दिले याचा शब्द बाहेर काढला नाही. त्यांच्या आत्म्यास चिरशांती लाभो. सर्वसाधारण सभेत या सूचनांवर मोकळेपणाने चर्चा व्हावी, ज्यांस त्या पटत नसतील त्यांनी तसे स्पष्ट सांगावे, आणि जो निर्णय होईल तो सर्वांनी मिळून पार पाडावा, एवढी प्रार्थना करतो. मूठभर धान्य काढण्यास मात्र सभेच्या ठरावाची गरज नाही. ते आज रात्रीच्या स्वयंपाकापासून सुरू करता येईल. माताभगिनींनी त्यासाठी एक डबा आजच वेगळा ठेवावा.